भुणभुण पंपाची की कॅबिनेटची? वॉटर-कूल्ड मशीनच्या एका तक्रारीचा अभ्यास

घरी बसून ध्वनिसंकलनाचं काम, मशीन म्हणजे पाण्याने थंड होणारा (वॉटर-कूल्ड) कॉम्प्युटर, पंखे जवळजवळ थांबलेले, आणि तरीही मायक्रोफोनमध्ये एक अखंड भुणभुण उतरते. अधूनमधून खळखळ होते. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं बारीक टिकटिकही ऐकू येते. वापरणाऱ्याचं निदान ठरलेलं असतं: पंप गेला, नवा आणायचा. ही तक्रार इथे एका लूपवर, म्हणजे पंप, नळ्या, ब्लॉक आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणाऱ्या बंद मार्गावर, पायरीपायरीने तपासली आहे. मशीन प्रातिनिधिक आहे. अशा बांधणीत सर्रास आढळणारे दोष त्यात एकत्र घेतले आहेत, आणि हिशेब असे मांडले आहेत की कुणालाही ते आपल्या मशीनवर ताडून पाहता यावेत.

बांधणी अशी: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर एकेक ब्लॉक (आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा), छताला ३६० मिमीचा आणि पुढे २४० मिमीचा रेडिएटर, दोन्ही तांब्या-पितळेचे. डी-५ जातीचा पीडब्ल्यूएम पंप (मदरबोर्डच्या संकेतावर वेग बदलणारा), त्याच्याच डोक्यावर २५० मिलीची उभी टाकी. ही जोडी कॅबिनेटच्या आतल्या पोलादी पट्टीला चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली. नळ्या १४ मिमी बाहेरच्या व्यासाच्या, पीईटीजी प्लास्टिकच्या, म्हणजे कडक. लूपमध्ये एकूण साधारण एक लिटर पाणी. सतत कामात निघणारी उष्णता ४०० वॉटच्या आसपास. कॅबिनेट प्लायवुडच्या टेबलावर, टेबल भिंतीला टेकलेलं.

पंपाच्या आवाजावर पहिला सल्ला हमखास मिळतो तो वेग कमी करण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण तो शेवटी अमलात आणायचा असतो. आधीच वेग उतरवला तर रेडिएटरमधली हवा तिथेच अडकून राहते, स्क्रूतून जाणारा कंप थोडा मंद होऊन लपतो, आणि खरं कारण सापडतच नाही.

आवाज नेमका कुठून

आधी पंखे पूर्ण बंद करावेत. भीती बाळगायचं कारण नाही: एक लिटर पाणी १ अंशाने तापायला ४,१८० ज्यूल लागतात. मशीन रिकामं बसलेलं असताना १०० वॉट निघत असतील आणि थंड होणं पूर्ण थांबलं असं धरलं, तरी पाणी दर ४२ सेकंदांना १ अंश चढतं. दोन मिनिटांच्या शांततेची किंमत फार तर ३ अंश. एवढ्या वेळात पंप एकटा ऐकता येतो. पंखे चालू ठेवून ऐकलं तर फसगत होते, कारण पंख्याच्या पात्यांचा सूर आणि पंपाचा सूर जवळ आले की दोघांच्या मिश्रणातून 'वॉव-वॉव' असा चढ-उतार तयार होतो, आणि तो पंपाच्या खात्यावर टाकला जातो.

पुढचं काम फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपचं. फोनच्या डेसिबलच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, पण कुठल्या वारंवारितेला टोक आहे हे तो ठीक सांगतो. पंप ४,८०० आरपीएमवर (मिनिटाला ४,८०० फेरे) असेल तर सेकंदाला ८० फेरे, म्हणजे टोकं ८०, १६०, २४० हर्ट्झला यायला हवीत. वेग थोडा बदलावा. टोकं सरकली तर आवाज पंपाचाच. एखादं टोक जागचं हललं नाही आणि ते १०० हर्ट्झवर असेल, तर तो बहुधा इन्व्हर्टर-यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. याच कारणासाठी ही चाचणी ३,००० आरपीएमला कधी करू नये. तिथे पंपाचे ५० फेरे आणि त्याची १०० हर्ट्झची दुप्पट थेट विजेच्या सुरावर बसते, आणि दोघं वेगळे ओळखता येत नाहीत.

इथे टोकं वेगाबरोबर सरकली. म्हणजे मूळ पंप. पण मूळ पंप असणं म्हणजे पंप खराब असणं नव्हे. पट्टीचे चारही स्क्रू दीड-दोन फेरे सैल केले, टाकी हाताने किंचित उचलून धरली, आणि भुणभुण अर्ध्याहून अधिक ओसरली. टेबलाच्या प्लायवुडवर तळहात ठेवला तर आधी जाणवणारी थरथरही गेली. खळखळ मात्र तशीच राहिली, टिकटिकही. या एका कृतीने तक्रारीचे तीन तुकडे झाले: हवा, कंप आणि पंपाच्या पोटातलं काहीतरी. ज्यांच्या नळ्या मऊ आहेत त्यांनी पंप पूर्ण सुटा करून हातात धरून ऐकावा. कडक नळ्यांत तेवढी मोकळीक नसते, जोर लावला तर फिटिंगमधल्या ओ-रिंगवरून (रबरी कड्यावरून) नळी सरकते.

लूप एकदाच रिकामा करायचा असल्याने पाणी काढण्याआधी आणखी एक नोंद घेतली. पीडब्ल्यूएम ५-५ टक्क्यांनी उतरवत प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबून ऐकलं. डी-५ साधारण १,८०० ते ४,८०० आरपीएममध्ये चालतो. या कॅबिनेटमध्ये ३,३००-३,६०० च्या पट्ट्यात बाजूचा पत्रा मोठ्याने घुमत होता, २,१०० ला पुन्हा थोडा, आणि मधे २,७०० च्या आसपास बरीच शांतता होती. कमी वेग म्हणजे कमी आवाज असं सरळ गणित नसतं ते असं. पत्र्याला स्वतःचा सूर असतो, आणि पंप त्या सुरावर आला की पत्रा डफासारखा वाजतो.

खळखळ

पंपातल्या कुठल्याही खळखळीला कॅव्हिटेशन (दाब पडून पाणी जागीच उकळणं) म्हणायची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात ते इथे घडणं जवळपास अशक्य आहे. ४५ अंशांचं पाणी उकळायला दाब सुमारे ९.६ किलोपास्कलपर्यंत पडावा लागतो, आणि पुण्याच्या उंचीवर हवेचा दाबच ९५ च्या आसपास असतो. टाकी पंपाच्या तोंडावर बसलेली असताना एवढी घसरण कुठून होणार? ऐकू येते ती साधी हवा.

या लूपमध्ये ती दोन ठिकाणी होती. पहिली टाकीत. पाण्याची पातळी साठ टक्क्यांवर, आणि परतीची नळी त्याच्या वर उघडणारी. पाणी धबधब्यासारखं पडत होतं आणि पडताना बुडबुडे खाली नेत होतं. पूर्ण वेगात टाकीत भोवराही होत होता, त्याचं शेपूट पंपाच्या तोंडापर्यंत पोचायचं. उपाय म्हणजे परतीचं तोंड बुडेल इतकी पातळी वाढवणं आणि वर १०-१५ मिमी हवा मोकळी सोडणं. काठोकाठ भरायचं नाही: २५ वरून ४५ अंशांवर जाताना पाणी सुमारे ०.७ टक्के फुगतं, म्हणजे लिटरमागे ७ मिली. त्याला जागा हवी.

दुसरी हवा छतावरच्या रेडिएटरमध्ये, पोर्टच्या (नळी जोडायच्या तोंडाच्या) विरुद्ध टोकाला. ती आपोआप निघत नाही. कॅबिनेट असं कलवावं की पोर्टचं टोक वर येईल, साधारण ३० ते ४५ अंश, आणि पंप पूर्ण वेगात दहा सेकंद चालवून पाच सेकंद बंद, असं करत राहावं. चालू-बंद करताना बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि मोठा बुडबुडा वर सरकतो. मग दुसऱ्या बाजूला कलवून तेच. टाकीत थेंबभरही हवा पंपाच्या तोंडाशी जाणार नाही अशी पातळी कलवताना सांभाळावी.

नव्या पाण्यात विरघळलेली हवा असते आणि पाणी तापलं की ती सुटते. त्यामुळे भरल्यानंतर दोन-चार वेळा मशीन चांगलं तापवून थंड होऊ द्यावं आणि मग पातळी पुन्हा बघावी. पहिल्या दिवशी शांत असलेला लूप चौथ्या दिवशी खळखळू लागला तर घाबरू नये, वरून थोडं पाणी घालावं.

कंप

खरी भुणभुण इथे होती. लोकांचं सर्वात जास्त चुकतंही इथेच. पंपाखाली रबरी वॉशर घातले की काम झालं असं समजतात. या मशीनमध्येही वॉशर होतेच, १ मिमी जाडीचे, कडक, वरून स्क्रू आवळलेला.

मऊ आधारावर ठेवलेल्या वजनाची स्वतःची डोलण्याची वारंवारिता असते, आणि ती काढायला एकच माप पुरतं: वजनाखाली आधार किती दबला. दबलेलं अंतर मिमीत घ्यावं, त्याचं वर्गमूळ काढावं आणि १५.८ ला त्याने भागावं. उत्तर हर्ट्झमध्ये मिळतं. कडक वॉशर ०.०५ मिमी दबला तर ही वारंवारिता सुमारे ७१ हर्ट्झ येते. पंपाचे फेरे ८०. दोन्ही इतके जवळ आले की आधार कंप अडवत नाही, उलट वाढवतो. कागदावर साडेतीन पट, प्रत्यक्षात रबराच्या अंगच्या शोषणामुळे कमी, पण वाढवतोच. म्हणून काहींना वॉशर घातल्यावर आवाज वाढल्यासारखा वाटतो. तो भास नाही.

कंप अडायला पंपाची वारंवारिता आधाराच्या निदान दीडपट हवी, आणि उपयोग जाणवायला तिप्पट. २,७०० आरपीएम म्हणजे ४५ हर्ट्झ. आधार १५ हर्ट्झचा हवा, म्हणजे तो १.१ मिमीच्या आसपास दबला पाहिजे. तिप्पट अंतरावर कंपाचा जेमतेम आठवा हिस्सा पलीकडे जातो. फोम आणि रबर कंपनात स्थिर वजनापेक्षा ताठ वागतात, त्यामुळे २ मिमीचं लक्ष्य ठेवलेलं बरं. मंद पंपाला जास्त मऊ आधार लागतो, हे आधी वेग चाचपून ठेवण्याचं दुसरं कारण.

पंप, टाकी आणि आतलं पाणी मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.२ किलोच्या आसपास भरतं. २० मिमी जाडीचा मऊ निओप्रीन फोम घ्यावा, २० बाय २० मिमीचे चार चौकोन कापावेत, पाण्याने भरलेली जोडी त्यावर ठेवावी आणि उंची मोजावी. अर्धा मिमीच दबला तर चौकोन लहान करावेत. सहा-सात मिमीहून जास्त, म्हणजे जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे दबला तर फोम फार मऊ आहे, तो बसून जाईल आणि पुन्हा दगडासारखा वागेल. योगा मॅटचा ईव्हीए फोम या कामाला बहुतेकदा कडक पडतो. गादीचा साधा फोम सुरुवातीला छान चालतो, पण कोकणासारख्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो.

बसवणी अशी केली: ५ मिमी ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या, मधे फोमचे चौकोन, दोन्हीकडून रबर चिकटवायच्या गोंदाने चिकटवलेले. पंप वरच्या पट्टीला स्क्रूने, खालची पट्टी कॅबिनेटच्या तळाला. वरून खालपर्यंत आरपार जाणारा एकही बोल्ट नाही. असा बोल्ट घातला की कंप फोमला वळसा घालून बोल्टातूनच जातो, आणि फोम नुसती शोभा राहतो. पोलादी बाजूपट्टीचा संबंध पूर्ण तोडला. मशीन टेम्पोतून हलवायचं झालं तर मात्र या रचनेवर भरवसा ठेवू नये, टाकीभोवती कागदाचे बोळे ठासून मगच न्यावं.

फोम कितीही चांगला असला तरी कडक नळी पंपाला ब्लॉकशी आणि रेडिएटरशी सळईसारखी जोडून ठेवते. अख्खा लूप मऊ नळीचा करायची गरज नाही. पंपात येणारा आणि पंपातून निघणारा असे दोनच तुकडे ईपीडीएमचे (मऊ रबराचे) केले, १० मिमी आतला आणि १६ मिमी बाहेरचा व्यास, प्रत्येकी २० सेंमीच्या पुढे, ताण न देता सैल कमानीत. १४ मिमी कडक नळीचं फिटिंग मऊ नळीला चालत नाही, त्यामुळे १०/१६ ची चार कॉम्प्रेशन फिटिंग लागतात. नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. चढत नसेल तर टोक डिस्टिल्ड पाण्याने ओलं करावं, तेलाने नाही. पंपाची वायरही पट्टीला आवळून बांधलेली होती, तिला एक ढिला वळसा दिला. वायरीतून जाणारा कंप थोडा असतो, पण बाकी सगळं शांत झाल्यावर तोच कानावर येतो.

हे सारं डी-५ ला लागू आहे, कारण त्याची मोटर मुख्यतः आतल्या पाण्यानेच थंड राहते. छोट्या डीडीसी पंपाला असं फोममध्ये गुंडाळू नये. त्याचं सर्किट तळाशी असतं, त्याला हवा लागते, आणि कोंडलं की तो तापून मरतो.

टेबलाचा भाग किरकोळ: मशीन प्लायवुडवरून उतरवून फरशीवर, खाली चार रबरी पाय. पोकळ लाकूड खालच्या सुरांना उचलून धरतं.

टिकटिक

डी-५ मध्ये फिरणारा भाग एका सिरॅमिक गोळीवर टेकून फिरतो, त्याला वंगण पाण्याचंच. पाणी काढलेलंच होतं, त्यामुळे पंपाची कडी सोडवून फिरकी सरळ वर ओढून काढली. चुंबकाने ती धरलेली असते, पण पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हर न घालता हातानेच निघते. पात्यांत पीईटीजीचा एक बारीक कीस अडकलेला होता. नळी कापल्यावर आतली कड घासून गुळगुळीत केली नाही की असे कीस सुटतात. नव्या रेडिएटरमधून निघणारा सोल्डरिंगचा फ्लक्सही याच जागी येऊन बसतो, म्हणून रेडिएटर बसवण्याआधी गरम डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुणं टाळू नये. गोळीवरून नख फिरवून बघावं. गुळगुळीत असेल तर पंप ठणठणीत. चरा लागला तर तो पंप मात्र खरोखर बदलायचा. तेल किंवा ग्रीस इथे कधीच नाही. आणि कोरडा पंप 'चालतो का बघू' म्हणून दोन सेकंदही फिरवायचा नाही, चरे पडतात ते त्याच सेकंदांत.

पुन्हा भरणं

जोडणी झाल्यावर हवेच्या दाबाने गळती तपासली, ०.५ बारपर्यंत, पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. भरताना फक्त पंपाला वीज: मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढून ठेवायच्या, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) २४ पिनी कनेक्टरची १६ नंबरची पिन शेजारच्या १७ नंबरला तारेने जोडायची. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर हिरवी असते. आता बहुतेक सगळ्या काळ्या येतात, त्यामुळे पिना मोजूनच घ्याव्यात. पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रावण त्याच्या बाटलीवरच्या प्रमाणात. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. रंगीत दुधी द्रावणं दिसतात छान, पण ब्लॉकच्या बारीक खाचांत साका धरतात आणि प्रवाह कमी करतात.

आता वेग

४,८०० आरपीएमला प्रवाह ताशी २८० लिटर होता. केंद्रोत्सारी पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २,७०० ला तो १५८ च्या आसपास येतो. ४०० वॉट उष्णता असताना लूपमधल्या सर्वात गार आणि सर्वात गरम पाण्यातला फरक ताशी २८० लिटरला १.२ अंश, आणि १५८ ला २.२ अंश. एवढ्यासाठी पंप पूर्ण वेगात पिळायचा? ब्लॉकमधला प्रवाह मंदावल्याने प्रोसेसरवर आणखी एक-दोन अंश चढतात. उलट बाजूने पंपाची ओढलेली वीज वेगाच्या घनात घटते, त्यामुळे तो स्वतः पाण्यात ओतत असलेली उष्णताही कमी होते. ताशी १०० लिटरच्या खाली मात्र जाऊ नये, तिथून तापमान भराभर चढू लागतं आणि बुडबुडे रेडिएटरमध्ये रेंगाळतात.

मुळात पंप पूर्ण वेगात का होता? कारण मदरबोर्डवरची पंपाची पिन बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बहुधा शंभर टक्क्यांवर ठेवूनच येते. तिथे दोन गोष्टी बघाव्यात. पिनचा प्रकार पीडब्ल्यूएम असावा, डीसी नसावा. डी-५ ला वीज थेट एसएमपीएसमधून येते, पिनमधून नुसता संकेत. डीसीवर ठेवली तर आकडे बदलूनही पंप ढिम्म. दुसरं, वेग कायम एकच ठेवावा. प्रोसेसरच्या तापमानाला पंप बांधला की ब्राउझर उघडताच तो चढतो-उतरतो, आणि कानाला संथ आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त खुपतो. फेऱ्यांची गणना सांगणारी वायर जोडून १,५०० च्या खाली इशारा लावावा.

पंखे पाण्याच्या तापमानावर चालवावेत. त्यासाठी रिकाम्या पोर्टच्या बुचात बसणारा १० किलो-ओहमचा सेन्सर पुरतो. इथे आपल्याकडचा उन्हाळा आडवा येतो: ३० ते ४० अंशांमध्ये आखलेला पंख्यांच्या वेगाचा वक्र डिसेंबरात उत्तम, पण मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते, त्यामुळे पंखे दिवसभर धावतात. कंट्रोलरला दुसरा सेन्सर जोडता येत असेल तर पाणी वजा खोलीची हवा या फरकावर वक्र बांधावा, नाहीतर उन्हाळ्यापुरता तो ६-८ अंशांनी पुढे सरकवावा. डी-५ ला पाणी ६० अंशांपर्यंत चालतं, ४५-४६ ला काळजी नाही.

एवढ्यानंतर मायक्रोफोनमधली भुणभुण गेली. ग्राफिक्स कार्डावर जड काम असताना एक तीक्ष्ण शिट्टी उरली, ती काम थांबताच थांबते आणि पंपाचा वेग बदलला तरी तशीच राहते. ती कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) आहे. सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या याची मर्यादा घातली तर ती बरीच खाली येते, पाण्याच्या बाजूने तिला उपाय नाही.